जोडीफोडे

भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेराव पेखळे दूध आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. परत येतानाही नीट आले नाहीत. स्वतःच्या घराचं फाटक मागे टाकून पुढे गेले, भलत्याच घराची कडी काढली, आणि आतून कुत्रं अंगावर आलं तेव्हा भानावर येऊन वळले. रात्रीच्या फटाक्यांचा लाल कागद गल्लीभर ओला होऊन चिकटला होता. जिंकल्याचा आनंद म्हणावा, तर चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. भर रस्त्यात कुणीतरी थोबाडीत मारावी आणि मारणारा गर्दीत दिसेनासा व्हावा, तसा चेहरा झाला होता.

सिडकोतल्या त्या गल्लीत खंडेरावांना सगळे नाना म्हणत. मूळचे सिन्नरकडचे. आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि लेथ मशीनसमोर उभं राहूनच निवृत्त झाले. दोन खोल्यांच्या घरावर मजला चढवला, मुलीचं, तेजस्विनीचं, लग्न करून तिला पुण्याला दिलं, आणि आता घरात ते आणि सुलाबाई, दोघंच. माणूस शांत. कुणाशी भांडण नाही, तंबाखूची पुडीसुद्धा नाही. वेड एकच, क्रिकेटचं. पण तसं वेड दुसऱ्या कुणाचं नसेल, कारण गेली जवळजवळ तीस वर्षं नानांनी भारताची बॅटिंग चालू असताना पाहिलीच नव्हती.

हे जरा समजावून सांगायला हवं.

शहाण्णव सालचा विश्वचषक. उपांत्य सामना कोलकात्याला होता. गल्लीत मोठा रंगीत टीव्ही एकाच घरी, पुंजारामदादांकडे. सगळे तिथे जमलेले. नाना ओव्हरटाइम करून आले, आंघोळ केली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला तसाच येऊन दारातल्या रिकाम्या खुर्चीवर बसले. ते बसले आणि ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो यष्टिचीत झाला. मग दुसरा गेला. तिसरा गेला. सगळी खोली टीव्हीकडे बघायची सोडून नानांकडे बघू लागली. पुंजारामदादा म्हणाले, खंडेराव, तुम्ही जरा बाहेर उभे राहा बरं. नाना उठून बाहेर उभे राहिले. तोवर उशीर झाला होता, तो सामना कसा संपला ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण दादांच्या मनात गोष्ट पक्की बसली.

पुढच्या सामन्यांत ती उलट बाजूनेही तपासून झाली. समोरच्या संघाची जोडी जमली, दोघं हलता हलेनात, की दादा हाक मारायचे: "खंडेराव, आत या. यांची जोडी फोडा." नाना आत येऊन बसायचे आणि दोन-चार षटकांत जोडी फुटायची. आता दोन-चार षटकांत कुठलीही जोडी कधी ना कधी फुटतेच, पण हे त्या खोलीत कोण बोलणार? दादांनी त्यांना नाव ठेवलं, जोडीफोडे. ते नाव इतकं चिकटलं की एकदा गॅसवाल्यानं पावतीवर पेखळेंच्या ऐवजी जोडीफोडे लिहिलं आणि नानांनी ती न बदलता घेतली.

मग नियमच ठरला. भारताची बॅटिंग असली की नाना बाहेर, ओट्यावर. समोरच्यांची असली की नाना आत, खुर्चीवर, हातात चहा. नानांना याचा राग नव्हता. लेथवर काम करणाऱ्या माणसाला हे पटण्यासारखंच होतं. तिथे हात केसभर हलला की माप हलतं, कुणी शेजारून दार आपटलं तरी मशीनवर लावलेला जॉब बिघडतो. मग माणूस बसल्या-उठल्यानं काहीच होत नाही, असं कसं म्हणायचं? शिवाय आपण उन्हात उभं राहिल्यानं देशाचं काही भलं होत असेल, तर त्यात वाईट काय?

म्हणून नानांच्या क्रिकेटमध्ये भारत कायम गोलंदाजीच करत होता. बॅटिंग त्यांना ऐकून माहीत होती. आतला आवाज चढत गेला की चेंडू सीमेकडे चालला आहे, मध्येच तुटला की अडवला गेला. 'अरेरे' लांबलं तर झेल, तुटक आलं तर त्रिफळा. दोन हजार अकराच्या अंतिम सामन्यात शेवटचा षटकार त्यांनी त्रिमूर्ती चौकाकडे तोंड करून उभ्यानं ऐकला. त्या वेळी पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन गल्लीतून मिरवलं. नाना बाहेर होते म्हणून जिंकलो, असं जो तो म्हणत होता. षटकार त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितला. झालेल्या गोष्टीला नियम लागू नव्हता.

पुंजारामदादा गेले. त्यांचा मुलगा दीपक याची आता चौकात झेरॉक्सची टपरी आहे, घरी भिंतभर टीव्ही आहे, आणि वडिलांकडून आलेला नियम तो वडिलांपेक्षा कडक पाळतो.

दोन वर्षांपूर्वीच्या अहमदाबादच्या अंतिम सामन्याला नाना असेच दीपकच्या ओट्यावर होते. आत नुसती मजा चालली होती. नानांना औषधाच्या गोळीवरचं नाव वाचायचं होतं, चष्मा आत टीव्हीखालच्या फळीवर राहिला होता. भारत इतका छान खेळतोय, एवढ्यानं काय होतंय, म्हणून ते मान खाली घालून आत गेले. मान खाली घालून गेले, पण चष्मा उचलताना वर पाहिलंच. कप्तानानं चेंडू हवेत मारला होता आणि एक जण उलटा धावत त्याच्याखाली पोचला होता.

मागच्या बाजूनं कुणीतरी हळूच पनवती म्हणालं. नाना हसले आणि चष्मा घेऊन बाहेर आले. तो सामना गेला. गल्लीत कुणी जेवलं नाही म्हणतात.

त्याच आठवड्यात सुलाबाईंच्या छातीत दुखायला लागलं. मुंबई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात नेलं, हृदयाच्या नळ्या तपासल्या आणि डॉक्टर बायपास करायला लागेल म्हणाले. नानांनी सगळं केलं. रक्ताची सोय, औषधं, तेजस्विनीला पुण्याहून बोलावणं, सह्या. ऑपरेशन झालं, सुलाबाईंना अतिदक्षता विभागात ठेवलं, आणि नर्स बाहेर येऊन म्हणाली, एक जण भेटून या, त्या विचारताहेत. नाना उठले. काचेच्या दारापर्यंत गेले. मग तेजस्विनीला म्हणाले, तू जा.

ते खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. दवाखान्याच्या भिंतीला लागून एक शेवग्याचं झाड होतं, त्याखाली स्कूटर लावून तिच्यावर. सुलाबाई त्या विभागात होत्या तोवर नाना तिथून हलले नाहीत. तिथेच डबा खाल्ला, तिथेच झोपले. वॉर्डात हलवल्यावरही ते मजल्यापर्यंत यायचे, फळांची पिशवी दारातल्या मावशींच्या हाती द्यायचे आणि परत खाली जायचे. घरी न्यायच्या दिवशी चाकाची खुर्ची बाहेर आली, तेव्हा त्यांनी बायकोचं तोंड पाहिलं.

नातेवाईक बोलायला लागले होते. सुलाबाईंनीच सगळ्यांना सांगून टाकलं: त्यांना दवाखान्याचा वास सहन होत नाही. तिथून पुढे तेच चालत आलं. दर काही महिन्यांनी तपासणी असायची. नाना त्यांना स्कूटरवरून नेत आणि शेवग्याखाली थांबत. सुलाबाई फाइल घेऊन एकट्या वर जात. खरं कारण नानांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं की आपण बाहेर राहिलो म्हणून ती वाचली. आणि हे वाटणं दीपकच्या ओट्यावरच्या नियमासारखं हसण्यावारी नेण्याचं नव्हतं. ते त्यांनी छातीशी धरून ठेवलं होतं, कुणी न दिलेल्या पदकासारखं.

गेल्या वर्षी वीस षटकांचा विश्वचषक आला, तेव्हाही नाना आपल्या बॅटिंगला बाहेर होते आणि समोरच्यांच्या बॅटिंगला आत. जिंकलो. मग शंका उरलीच कुठे?

मुलींच्या क्रिकेटची गोष्ट मात्र निराळी होती. ती सुलाबाईंनी घरात आणली. ऑपरेशननंतर पडून राहायला सांगितलं होतं. मालिकांचा कंटाळा आला म्हणून बटण दाबता दाबता त्यांना एकदा मुलींचा सामना सापडला. वणीजवळच्या खेड्यात वाढलेल्या त्या बाईनं आयुष्यात हातात बॅट धरली नव्हती, पण या पोरींचं त्यांना काय लागलं कोण जाणे. कोण कुठल्या गावची, कुणाच्या बापानं पोरीला शिकवायला काय काय केलं, सगळं त्यांना पाठ. "अहो, पोरींची मॅच लावा," म्हणायच्या. नाना लावायचे आणि शेजारी बसून भाजी निवडायचे. दीपककडे या सामन्यांना कुणी जमत नसे. नियम काढायला कुणी नव्हतं, आणि नानांच्या स्वतःच्याही मनात आलं नाही. मॅच म्हणजे दीपकच्या घरची. ही आपली सुलाची करमणूक.

म्हणून अंतिम सामन्याच्या त्या रविवारी, अवकाळीनं आभाळ भरून आलेलं, तिकडे नव्या मुंबईतही पावसानं सामना लांबलेला, दीपककडे तुळशीच्या लग्नाची गडबड, आणि इकडे नाना सोफ्यावर मांडी घालून बसलेले. पुढ्यात वर्तमानपत्रावर मेथीची जुडी. भारताची बॅटिंग सुरू झाली. सलामीच्या दोघी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. नाना पान खुडत होते, काडी बाजूला टाकत होते आणि बघत होते. मूळ संघात नसलेली, ऐन वेळी बोलावून आणलेली ती हरियाणाची पोरगी चेंडू असा भिरकावत होती की सुलाबाई म्हणाल्या, हिला घरी कुणी कामाला लावलेलं दिसत नाही. नाना पोट धरून हसले. मेथी संपली. सुलाबाईंनी लसूण आणून ठेवला. लसूणही संपला, आणि भारताच्या तीनशेला दोन धावा कमी होत्या.

समोरच्यांची बॅटिंग सुरू झाली, त्यांची कप्तान बाई एका बाजूनं जी उभी राहिली ती हलेना. तेव्हा दीपकचा फोन आला. तुळशीचं लग्न उरकलं होतं, गल्ली टीव्हीसमोर येऊन बसली होती. नाना, या ना जोडी फोडायला. नाना उठत होते. सुलाबाईंनी त्यांचा शर्ट धरला. "बसा. इथून फुटत नाही का?" नाना बसले. त्या कप्तान बाईचा झेल उडाला, आपल्या पोरीच्या हातातून निसटला, परत निसटला आणि शेवटी अडकला, तेव्हा सुलाबाईंचा हात नानांच्या गुडघ्यावर होता. शेवटचा झेल आपल्या कप्तान मुलीनं मागे धावत जाऊन घेतला. दोघंही रडले. इतक्या वर्षांत आपल्या कुठल्याच पोरींनी जिंकलं नव्हतं ते यांनी जिंकलं, आणि नानांनी आयुष्यात पहिल्यांदा विश्वचषकाचा विजय पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिला. पण हे त्यांना तेव्हा कळलं नाही. ते गाढ झोपले.

कळलं ते सकाळी, दुधाच्या केंद्रापुढे.

दीपक, अजून दोघं-तिघं, सगळे तिथेच चहाला उभे होते. कालचं बोलणं चाललं होतं. ज्यांनी आजवर मुलींचा एक सामना पाहिला नव्हता, तेही क्षेत्ररक्षणातल्या चुका काढत होते. नाना दिसले तसा दीपकनं त्यांच्या हातात कप दिला आणि दर विजयानंतर विचारायचं ते विचारलं. "काय नाना, बॅटिंगला कुठं होता काल? ओट्यावर दिसला नाहीत."

"घरात होतो," नाना म्हणाले. "सोफ्यावर."

"टीव्ही बंद ना?"

नाना बोलायला गेले आणि थांबले. कपातली साय ओठाला लागलेली तशीच राहिली. टीव्ही चालू होता. पहिल्या चेंडूपासून चालू होता. उपांत्य सामन्यात त्या मुंबईच्या पोरीनं एकटीनं सामना ओढून नेला, ऑस्ट्रेलियाला रडवलं, तेव्हाही चालू होता, आणि तेव्हा त्यांच्या पुढ्यात वालाच्या शेंगा होत्या.

"पाहिली मी," ते म्हणाले. "सगळी."

इतक्या वर्षांचा खांब काढून घेतल्यावर छप्पर तसंच्या तसं उभं राहावं, तसं काहीतरी झालं. मग दीपकनंच वाट काढली. त्यानं वडिलांचा नियम असा सहजी मोडू दिला नसता. तो हसून म्हणाला, "म्हणजे नाना, तुमची मात्रा बायकांना लागू पडत नाही."

सगळे हसले. कुणी टाळी दिली. घरी विचारा, सुलाकाकूंना तरी कुठं लागू पडते, असंही कुणी म्हणालं.

नाना हसले नाहीत. त्यांनी कप कठड्यावर ठेवला. बायकांना लागू पडत नाही. आणि काचेच्या दारापलीकडे खाटेवर होती ती बाईच होती.

तिथून ते कसे निघाले ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. चालताना मन स्वतःशीच वकिली करत होतं. असंही असेल की नियम पुरुषांपुरता आहे. असंही असेल की माणसांच्या आयुष्याला निराळा नियम आहे. असंही असेल की मेथी निवडत होतो म्हणून ते बघणं बघण्यात धरलं गेलं नाही. प्रत्येक पळवाट थोडी पुढे जाऊन त्याच काचेच्या दाराशी येत होती. मग शेवटची, सगळ्यांत साधी शक्यता आली, आणि ती आली तेव्हा ते भलत्याच घराच्या फाटकाची कडी काढत होते. नियम नव्हताच. कधीच नव्हता. शहाण्णव सालीही ते नुसतेच टॉवेल गुंडाळून एका खुर्चीवर बसले होते.

सुलाबाई चहाचं आधण ठेवून वाट बघत होत्या. पिशवी रिकामी बघून त्या म्हणाल्या, "दूध कुठंय?"

"अगं, काल मी बसलो होतो," नाना म्हणाले.

"कुठं?"

"इथं. आपली बॅटिंग चालू होती तेव्हा."

"मग? मी काय आंधळी हाय? मीच मेथी दिली ना तुमच्यापुढं."

"आणि तरी जिंकल्या."

सुलाबाईंनी गॅस बारीक केला. नवऱ्याचा चेहरा त्यांनी आता नीट पाहिला आणि त्यांना वाटलं, यांनाच काही होतंय की काय. त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. नानांनी पाणी बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. चष्मा घ्यायला आत गेले ते, कप्तानाचा झेल, मागून आलेला तो शब्द, नर्सचं बोलावणं, काचेचं दार, शेवग्याखालची स्कूटर. मी आत आलो असतो आणि काही झालं असतं तर, असं म्हणून ते थांबले.

आधण आटत होतं.

"म्हणजे मी आत बॅटिंगला होते," त्या म्हणाल्या.

नानांनी मान हलवली.

"आणि तुम्ही ओट्यावर."

"हो."

नानांना वाटलं, ती हसेल. निदान चिडेल. ती काय म्हणेल हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना बहुतेक वेळा आधी कळायचं. या वेळी कळलं नाही. सुलाबाई सावकाश खाली पाटावर बसल्या, जशा ऑपरेशननंतर बसायला लागल्या होत्या, एक हात छातीवर धरून.

"शुद्ध आल्यापासून मी दाराकडं बघत होते," त्या म्हणाल्या. "तेजू यायची, माझी बहीण यायची. तुम्ही नाय. मला वाटलं, तुम्ही मनानं मला पोचवून मोकळे झालात. ही काय वाचत नाही, असं धरून चाललात. वासाचं मी लोकांना सांगितलं. मी काही ते खरं धरलं नव्हतं."

आपण बाहेर बसून तिला जगवत होतो, असं नाना दोन वर्षं समजत होते. आणि ती आत पडून, आपल्या नवऱ्यानं आपल्याला टाकलं असं समजत होती. दोघं एकाच घरात, एकाच सोफ्यावर, एकाच ताटलीत शेंगदाणे खात. तिनं एकदाही विचारलं नाही. त्यांनी एकदाही सांगितलं नाही. सकाळपासून बसलेला धक्का त्यांना वाटला होता तो नव्हताच. खरा हा होता.

"मला सांगायचं होतं," ते कसंबसं म्हणाले.

"मग काल जिंकल्या नसत्या तर कधी सांगितलं असतं?"

सुलाबाई उठल्या, गॅस बंद केला आणि दुधाची पिशवी घेऊन स्वतः बाहेर पडल्या.

पुढचे काही दिवस घरात टीव्हीवर त्या सामन्याची क्षणचित्रं पुन्हा पुन्हा लागत होती आणि सुलाबाई ती बंद करत होत्या. जेवण वेळेवर होतं, चहा वेळेवर होता, फक्त बोलणं नव्हतं. तेजस्विनीचा पुण्याहून फोन आला. आई, तुझ्या पोरी जिंकल्या की, असं ती ओरडत होती. सुलाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि शांतपणे सांगितलं, "तुझे वडील मला बॅटिंगला पाठवून पार्किंगमध्ये बसले होते." तेजस्विनीला कळेना. कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "नाना, तुम्ही जेवताय ना नीट?" नानांना ते चिडण्यापेक्षा अवघड गेलं.

त्याच आठवड्यात तपासणी होती. हृदयाची सोनोग्राफी करायची होती. नानांनी स्कूटर काढली, सुलाबाई मागे बसल्या. एरवी त्या पदर आवरायला त्यांच्या खांद्याला धरायच्या, आज त्यांनी मागची कडी धरली. दवाखान्यात नानांनी शेवग्याखाली स्कूटर लावली. सुलाबाई फाइल घेऊन लिफ्टकडे निघाल्या. नाना त्यांच्यामागे चालू लागले. लिफ्टमध्ये अजून माणसं होती. सुलाबाई पुढे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुम्हाला वास सहन होत नाही ना?"

"होतो," नाना म्हणाले.

वर बाकावर बसले तेव्हाही त्यांचे पाय लिफ्टकडे वळलेले होते. नियम खोटा आहे हे डोक्याला पटलं होतं, पण डोकं एवढ्यात पायांपर्यंत पोचलं नव्हतं. सुलाबाईंचं नाव पुकारलं. नानाही उठले. काचेचं नव्हे, साधं लाकडी दार होतं. आत अंधार, एक खाट, एक यंत्र, एक तरुण डॉक्टर बाई. सुलाबाई डाव्या कुशीवर झोपल्या. डॉक्टर बाईंनी मागे वळून पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बाहेर थांबता का?"

नाना लगेच वळले. तीस वर्षांची सवय होती, कुणी बाहेर म्हटलं की पाय आपोआप निघायचे. हात दाराच्या कडीपर्यंत गेलासुद्धा.

"नाही," खाटेवरून सुलाबाई म्हणाल्या. "त्यांना बसू द्या. तिथं, समोर."

डॉक्टर बाईंनी पायानं एक स्टूल पुढे सरकवलं. नाना बसले. हात मांडीवर काय करावेत ते त्यांना कळेना. निवडायला काही नव्हतं. यंत्राच्या पडद्यावर आधी नुसतं राखाडी धुकं आलं. मग त्या धुक्यात काहीतरी हललं. एक लहानसं दार उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. ओल्या कपड्यावर कुणी दमानं थापी मारावी तसा आवाज खोलीत भरला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते सतत चालू होतं. ते दूध आणायला जात तेव्हा, कारखान्यात असत तेव्हा, शेवग्याखाली बसत तेव्हाही.

नाना पापणी न लवता बघत होते. नजर काढावी असं प्रत्येक ठोक्याला वाटत होतं. प्रत्येक ठोक्याला ती तिथेच ठेवत होते. सुलाबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. मान वळवून त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"मावशी, श्वास घ्या, धरून ठेवा," डॉक्टर बाई म्हणाल्या. पडद्यावरचं चित्र स्थिर, स्वच्छ दिसू लागलं. बाईंनी बटणं दाबली, रेघा ओढल्या, मापं घेतली. "हं. सोडा."

सुलाबाईंनी श्वास सोडला. खोलीत अजून एक श्वास अडकलेला होता. स्टुलावर नाना दोन्ही मुठी आवळून, गाल फुगवून, लाल होऊन बसले होते.

"अहो," सुलाबाई म्हणाल्या, आठवडाभरात पहिल्यांदा त्यांच्याशी नीट बोलत, "तुम्ही पण सोडा."